पांढऱ्या काविळीचं खापर घराण्यावर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हिपॅटायटिस बी, म्हणजे पांढरी कावीळ, आणि जनुकांवर लेख आला : हा आजार अंगात टिकतो की जातो, हे जनुकांवरही ठरतं असा. त्यातलं काही खोटं नव्हतं, पण माहिती अर्धीच होती. तेवढ्यावर आमच्या पाहुण्यांतलं एक ठरत आलेलं लग्न मोडलं. निपाणीकडच्या मंडळींनी कात्रण दाखवून निरोप दिला : मुलीच्या आईला आणि मामाला पांढरी कावीळ आहे, म्हणजे रोग घराण्यातच आहे. खानापूर तालुक्यात सरकारी दवाखान्यात मी परिचारिका होते. हे घर मला आतून माहीत आहे, म्हणून लिहिते.

जनुकांचा भाग खरा आहे. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए जनुकांचा गट असतो. त्यांच्यापासून बनणारी प्रथिनं विषाणूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर धरून संरक्षक पेशींना दाखवतात. कोणता तुकडा नीट धरला जाईल, हे माणसागणिक बदलतं. २००९ साली जपानी संशोधकांना जपान आणि थायलंडच्या रुग्णांत या गटातल्या एचएलए-डीपी जनुकांच्या काही प्रकारांचा संबंध आजार जुनाट होण्याशी दिसला. त्याआधी १९९५ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात याच गटातल्या डीआरबी१ जनुकाचा एक प्रकार संरक्षण देणारा आढळला होता. डीपीचे संरक्षक प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त, पूर्व आशियात कमी. आमच्या तालुक्यात मराठा, लिंगायत, धनगर आहेत, आफ्रिकी वंशाचे सिद्दीही आहेत, आणि लग्नं पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या जातीत. जपानचे निष्कर्ष या सगळ्यांना सरसकट कसे लावायचे? इथल्या लोकांचा वेगळा अभ्यास व्हायला हवा.

पण जनुकं विषाणू देत नाहीत. विषाणू अंगात शिरल्यावर शरीर तो घालवेल की बाळगेल, एवढ्यातच त्यांचा वाटा, आणि त्यातही वयाचा वाटा कितीतरी मोठा. जन्मताना आईकडून लागण झाली तर सुमारे ९० टक्के बाळांत ती कायमची राहते. मोठेपणी झाली तर ५ टक्क्यांहून कमी लोकांत. जनुकं तर पाळण्यात होती तीच तिशीतही असतात!

त्या घरात विषाणू आजीकडून आला. तीन भावंडांपैकी थोरली आणि मधला यांच्यात तो राहिला. धाकट्याच्या रक्तात जुन्या संसर्गाच्या खुणा आहेत, विषाणू नाही. त्याला जनुकांनी हात दिला की लागणच उशिरा झाली, हे आज कुणी सांगू शकणार नाही. नकार मिळालेली मुलगी थोरलीची. तिला जन्मल्याबरोबर लस टोचली होती. तेव्हा ही लस सरकारी यादीत नव्हती. दिवस भरत आले तसे तिच्या वडिलांनी बेळगावहून थर्मासात बर्फ घालून आणून ठेवली. आज तिची एचबीएसएजी तपासणी, म्हणजे विषाणू अंगात आहे का हे सांगणारी रक्ततपासणी, निगेटिव्ह आहे. तिच्यापासून कुणाला काय लागणार? आणि पॉझिटिव्ह असती तरी नवऱ्याला आधी लसीचे तीन डोस देऊन लग्न करता आलं असतं. अशी जोडपी मी पाहिली आहेत, त्यांची मुलं ठणठणीत आहेत.

आपल्याकडे कावीळ म्हटली की माळ घालतात, मुळी देतात. डोळ्यांचा पिवळेपणा उतरतो, माणूस बरा झाला असं वाटतं. हिपॅटायटिस ए बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. बी मात्र काही न जाणवता वर्षानुवर्षं यकृत पोखरू शकतो.

म्हणून विनंती, पुरवणीत ठळक चौकट छापा. प्रत्येक गरोदर बाईची एचबीएसएजी तपासणी व्हावी. बाळाला पहिली लस २४ तासांच्या आत मिळावी, ती २०११ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे. राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. कणकुंबी, आमगावकडे पावसाळ्यात घरीच बाळंत होण्याची वेळ येते, तिथल्या आशाताईंपर्यंत ही चौकट पोचली पाहिजे. त्या तुमचा पेपर वाचतात.

मुलीच्या घरची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं नाव छापू नये.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, खानापूर