वहीत नफा, गल्ल्यात खडखडाट

महोदय,

लहान उद्योजकांच्या यशोगाथा वृत्तपत्रांत नेहमी वाचायला मिळतात. कल्पना कशी सुचली, नोकरी कधी सोडली, आज उलाढाल किती, हे सगळे त्यांत असते. विकलेल्या मालाचे पैसे हातात कधी येतात आणि तोवर धंदा कशावर चालतो, हे मात्र बहुधा राहून जाते. नव्याने उतरणाऱ्याला नेमके तेच कळायला हवे, कारण वहीत नफा दिसत असतानाही धंदे बंद पडतात.

आधी भाव. 100 ला पडलेली वस्तू 125 ला विकली की '25 टक्के नफा' असे सर्रास म्हटले जाते. तो खरेदीवर 25 टक्के आहे. विक्रीवर 20 टक्केच. सूट देताना हा फरक अंगाशी येतो. '25 टक्के सुटतात, त्यातले 20 सोडू' असे म्हणून सूट दिली तर वस्तू 100 लाच जाते आणि हाती काहीच उरत नाही. 10 टक्के सूट दिली तर भाव 112.50 होतो, म्हणजे 25 च्या जागी साडेबारा उरतात. तेवढीच कमाई टिकवायला दुप्पट वस्तू विकाव्या लागतात. रोख देणाऱ्याला किंवा पडून राहिलेल्या मालावर सूट द्यायला हरकत नाही. गिऱ्हाईक हातचे जाईल या धास्तीने दिलेली सूट बहुतेकदा कायमचा भाव होऊन बसते.

मग दरमहाचा बांधील खर्च. भाडे, पगार, वीज, कर्जावरचे व्याज, यंत्राचा घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत), आणि मालकाचा स्वतःचा पगारसुद्धा. हा शेवटचा आकडा जवळजवळ सगळेच विसरतात. समजा, तो धरून खर्च 40,000 आहे आणि विक्रीवर 20 टक्के सुटतात. तर 2 लाखांची विक्री झाल्यावर खर्च भरून निघतो. मालकाचे 15,000 वगळले, तर तोच आकडा 1.25 लाख दिसतो. मालक खूश होतो, घरखर्चासाठी गल्ल्यातून लागेल तशी उचल करत राहतो आणि पैसा जातो कुठे हे कोणालाच उमगत नाही. धंद्याचे आणि घराचे बँक खाते पहिल्या दिवसापासून वेगळे हवे. ग्राहकाकडून घेतलेला कर आपला नसतो. तो तिसऱ्या खात्यात बाजूला पडलेला बरा.

खरी मेख आहे खेळत्या भांडवलात, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशात. माल सरासरी 45 दिवस गोदामात राहतो, विकल्यावर पैसे 60 दिवसांनी येतात आणि पुरवठादार आपल्याला 30 दिवस थांबतो, असे धरू. 45 अधिक 60 वजा 30, म्हणजे 75 दिवस आपला पैसा मालात आणि उधारीत अडकलेला. महिन्याला 1 लाखाचा माल लागत असेल तर साधारण अडीच लाख कायम गुंतलेले राहणार. आता धंदा दुप्पट झाला. अडकलेली रक्कमही दुप्पट, म्हणजे 5 लाख. वरचे अडीच लाख आणायचे कुठून? नफा तर अजून येणे बाकी आहे. मोठी ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात हा हिशेब होत नाही आणि ऐन भरभराटीत पगार थकतात. हेच दिवस कमी केले, माल 45 वरून 30 वर आणि उधारी 60 वरून 45 वर आणली, तर 75 चे 45 दिवस होतात आणि त्याच दुप्पट धंद्याला 3 लाख पुरतात. हे 2 लाख कोणत्याही बँकेकडे न जाता मोकळे झालेले असतात.

वसुलीत संकोच हा सगळ्यात महागडा स्वभावदोष आहे. बिल माल दिला त्याच दिवशी जावे, महिनाअखेरीस साठवून नव्हे. त्यावर '60 दिवस' असे मोघम न लिहिता देय तारीख लिहावी. तारखेच्या 3 दिवस आधी आठवण, तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी फोन, आणि थकबाकी फिटेपर्यंत नवा माल थांबवणे, हे आधीच सांगून ठेवले तर कोणी रागावत नाही. खास मागणीनुसार बनवायच्या मालावर निदान कच्च्या मालाइतकी आगाऊ रक्कम घ्यावीच. 125 चे एक बिल बुडाले की गेलेले 100 भरून काढायलाच आणखी 4 वस्तू विकाव्या लागतात. निम्मी विक्री एकाच ग्राहकाकडे असेल तर हा धोका कितीतरी पटींनी वाढतो, कारण मग भाव आणि मुदत दोन्ही तोच ठरवतो.

यावर साधा, वहीतही आखता येणारा उपाय म्हणजे 13 आठवड्यांचा रोकड तक्ता. प्रत्येक आठवड्याला एक रकाना: आरंभीची शिल्लक, येणारे पैसे, जाणारे पैसे, अखेरची शिल्लक. येणे बिलाच्या तारखेला न मांडता तो ग्राहक एरवी ज्या दिवशी खरोखर देतो त्या आठवड्यात मांडायचे. कर्जाच्या हप्त्यातले मुद्दल नफा-तोट्याच्या पत्रकात दिसत नाही, इथे ते हवे. घसारा तिथे दिसतो, इथे नको, कारण त्यात रोकड जात नाही. दर सोमवारी गेला आठवडा खऱ्या आकड्यांनी भरावा आणि पुढे एक नवा जोडावा. अंदाज चुकतात, पण दोन-तीन महिन्यांत कोणता ग्राहक नेमका किती उशीर करतो हे पाठ होते. सहाव्या आठवड्यात शिल्लक उणे दिसली तर आज खरेदी पुढे ढकलता येते, पुरवठादाराकडे मुदत मागता येते, बँकेशी बोलता येते. हेच आदल्या दिवशी कळले तर मिळेल त्या व्याजाने पैसे उचलावे लागतात. आणि खेळत्या भांडवलातून यंत्र घेण्याचा मोह टाळावा. 5 वर्षे चालणाऱ्या यंत्राला दीर्घ मुदतीचेच कर्ज हवे. महिन्याभरात लागणारा पैसा त्यात घातला की यंत्र उभे राहते आणि कच्च्या मालाला पैसे उरत नाहीत.

आपल्याला एक विनंती आहे. यापुढे यशोगाथा छापताना उलाढालीच्या आकड्याशेजारी दोन प्रश्नांची उत्तरेही छापावीत: वसुलीला सरासरी किती दिवस लागतात, आणि मालक स्वतःला दरमहा पगार देतो का.

– एक वाचक