विषय : बंदीच्या दिवसांत ‘आजची ताजी सुरमई’ म्हणून बर्फातला मासा वाढल्याबद्दल

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग (मुख्य कार्यालय)

दि. २२ जुलै २०२५

महोदय,

परवा, म्हणजे रविवारी, २० जुलैला दुपारी आम्ही तिघं तुमच्या मालवणच्या रेस्टॉरंटमध्ये जेवलो. श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार, त्यामुळे मासे खायचेच असं ठरवून डोंबिवलीहून आलो होतो. दारातच फळा होता : ‘आजची ताजी मासळी – सुरमई, पापलेट, सरंगा’. दर कुठेच नाही, नुसतं ‘साईजप्रमाणे’.

फळा वाचून सासूबाई तिथेच थबकल्या. त्यांचं माहेर मालवणचं. म्हणाल्या, “आषाढात इसवण खयसून इली?” (इसवण म्हणजे सुरमई; ती आली कुठून, असं त्यांचं म्हणणं.) प्रश्न बरोबरच होता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यासुद्धा पावसाळ्यात बंद. वेटरला विचारलं तर तो म्हणाला, “सकाळीच आली ताई, एकदम फ्रेश.” मासा दाखवा म्हटल्यावर ट्रे आला. डोळे आत गेलेले, पांढुरके. कल्ला उचलून पाहिला तर लाल नाही, विटकरी-तपकिरी, आणि आत बर्फाचे खडे. पोटाला बोट लावलं तर फळी दाबल्यासारखं लागलं. तिथेच उठायला हवं होतं, पण ऑर्डर गेली होती आणि नवऱ्याला भूक लागली होती. ती चूक आमची.

ताटात आलेली सुरमई दिसायला झकास. काट्याने उकलली तर वरचं रवा-मसाल्याचं कवच अख्खं सुटून आलं, आतला मासा कापसासारखा कोरडा आणि ताटात पाण्याचं थारोळं. ताजी तुकडी अशी पाणी सोडत नाही.

मॅनेजरना बोलावलं. त्यांनी वाद घातला नाही, हेही लिहायला हवं. “बाहेरच्या माणसाला सुरमईच लागते मॅडम, बंदीत आम्ही तरी काय करणार?” असं सरळ म्हणाले. त्यांची अडचण मला कळते. शीतगृहातला मासा विकणं हा काही गुन्हा नाही, आम्हीही घरी पावसाळ्यात तो कधीमधी आणतो. पण मग फळ्यावर तसं लिहा आणि पैसेही तसेच घ्या. आम्ही दोन तुकड्यांचे १,९०० रुपये मोजले ते ‘आजची’ या शब्दाचे. खरं सांगितलं असतं तर सुका बांगडा भाजून आणि जवळ्याची चटणी मागवली असती आणि खूश होऊन गेलो असतो. त्याच टेबलावर खाडीतल्या कुर्ल्यांचं सुकं आलं, ते इतकं फक्कड होतं की सासूबाईंनी नांग्या चोखून पुन्हा वाटी पुढे केली. तुमच्या फळ्यावर त्या कुर्ल्यांचं नावसुद्धा नव्हतं!

आणखी एक. ३,२०० रुपयांच्या जेवणावर १० टक्के म्हणजे ३२० रुपये सर्व्हिस चार्ज न विचारता लावला. हा आकार बिलात आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय आणि यंदा मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. काढा म्हटलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सिस्टीममध्ये फिक्स आहे.”

सुरमईचे १,९०० आणि सर्व्हिस चार्जचे ३२० असे २,२२० रुपये परत करावेत आणि फळा बदलल्याचा फोटो पाठवावा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवणार आहे. बिलाची प्रत आणि ट्रेमधल्या सुरमईचा फोटो सोबत जोडला आहे. फोटोत कल्ल्याजवळ दिसतंय ते माझंच बोट.

आपली,
एक ग्राहक
(नाव व फोन नंबर बिलाच्या प्रतीवर)