भुलाबाईची भिंत

चि. कल्पना, अनेक आशीर्वाद.

पोरी गाणी म्हणत खेळतात ती भुलाबाई सपरीच्या भिंतीवर काढणार म्हणतेस. चित्राचं मागाहून, आधी भिंत.

वावरातली काळी माती घेऊ नकोस. ती ओलीने फुगते, वाळली की आकसते. आठ दिवसांत भिंत उन्हाळ्यातल्या वावरासारखी भेगाळेल. नाल्याकाठची पिवळट माती दोन घमेली, बारीक कुटार (भुसा) एक घमेलं, ताजं शेण अर्धं. चार दिवस भिजू दे, रोज तुडव. वास सुटेल, सुटू दे. कुटार कुजलं की माती चिकट होते. पहिला थर अर्ध्या बोटाचा दे, तो पुरता वाळला की त्याहून पातळ दुसरा. ऊन थेट येत असेल तर पोतं टांग, नाहीतर वरचा पापुद्रा आधी वाळून तडकतो. खालची हातभर भिंत कोरीच ठेव. ओल तिथूनच चढते.

तांबड्याला गेरू, पांढऱ्याला पांढरी माती, काळ्याला काजळी. काजळी पाण्यावर तरंगते, म्हणून आधी डिंकाच्या पाण्यात बोटाने मळून घे. पिवळ्यासाठी हळद मुळीच नको. उन्हात उडते, आणि चुना लागला की लाल होते. पळसाची फुलंही दिसायला देखणी, टिकायला कच्ची. बाजारात रामरज, म्हणजे पिवळी माती मिळते, ती घे.

वाटीभर धावड्याचा डिंक दोन वाट्या पाण्यात रात्रभर भिजवून फडक्याने गाळ. तीन चमचे रंगाला एक चमचा घालून कोपऱ्यात लावून बघ. वाळल्यावर बोटाला रंग आला तर डिंक कमी, पापुद्रे सुटले तर जास्त. पाऊस लागेल तिथे हा रंग टिकत नाही, डिंक धुऊन जातो.

मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे चित्रकार जनगढसिंह श्याम १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनात आले. त्यांच्या परधान समाजात बाणा हे तंतुवाद्य वाजवून गोंडांच्या देवांच्या कथा गायच्या, त्यांनी त्याच कथांची चित्रं केली. त्यांच्यासारखे ठिपके तू भरलेस तर ती उसनवारी होईल. तुझ्याकडे भुलाबाईच्या मखराची ज्वारी आहे. धांडा नीट बघ: पान पेरापासून खोडाला आवळून वर जातं, मग एकदम बाहेर वाकतं. ते आवळणं सुटलं आणि वर कणीस नसलं, की धांड्याचा ऊस होतो.

सगळी गाणी एका भिंतीत कोंबू नकोस. पाच धांड्यांचं मखर, आत भुलाबाई-भुलोबा, समोर खिरापतीचा बंद डबा आणि आत काय ते ओळखणाऱ्या पोरींची तोंडं, पुरे. झाकण उघडं काढलंस की खेळ संपला.

भिंत वाळेपर्यंत आंगणात खडूने मखर मांडून बघ. जागा पुरली नाही तर भुलोबाला लहान कर, तिला नको.

तुझी आई