बाबा, ती गोळी पुन्हा सुरू करा

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर हा विषय निघाला की बाबा ‘बरं बरं’ म्हणत फोन आईकडे देतात. म्हणून आज लिहायलाच बसले.

बाबा, रक्त पातळ करणारी गोळी तुम्ही बंद केलीत, हे आईने मला सांगितलं. तिच्यावर चिडू नका, ती काळजीने अर्धी झाली आहे. दात घासताना हिरड्यातून रक्त आलं, त्यातच शेजारच्या काकूंनी त्यांच्या गोळीचे किस्से सांगितले, आणि तुम्ही ठरवून टाकलंत की छातीत मशीन आहे तोवर हृदयाची चिंता नको. माझं सगळं म्हणणं या शेवटच्या वाक्याबद्दल आहे.

तुम्हाला पेसमेकर बसवला तो नाडी मंदावली होती म्हणून. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला निरोप खालच्या कप्प्यांपर्यंत पोचत नव्हता आणि तुम्हाला जिन्यात चक्कर येत होती. मशीनने ते काम चोख केलं. पण वरचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरायला लागले, म्हणजे ज्याला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात ते सुरू झालं, तर तुमचा पेसमेकर ते थांबवू शकत नाही. तो फक्त नोंद ठेवतो. शिवाय वरची धावपळ ओळखून तो तिच्यामागे धावणं बंद करतो आणि खालच्या कप्प्यांना आपल्या ठरलेल्या गतीने चालवत राहतो. म्हणून तुम्हाला धडधड जाणवत नाही, आई मनगट धरून बघते तर नाडीही नीट लागते. ‘मला काहीच होत नाही’ हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्यावरून आत सगळं ठीक आहे असं धरता येत नाही.

तपासणीच्या दिवशी त्या मुलाने तुमच्या छातीवर यंत्राचं डोकं ठेवलं आणि लांबलचक कागदी पट्टी बाहेर आली, ती मी जपून ठेवली आहे. खालच्या ओळीत ठोके सारख्या अंतरावर उभे आहेत. वरच्या ओळीत मात्र रेघा इतक्या दाटीने आल्या आहेत की एक दुसरीपासून वेगळी काढता येत नाही. त्या थरथरीचा एक झटका चोवीस तासांहून जास्त चालला होता. त्या वेळी तुम्ही बहुधा बाजारात भाजी घेत असाल किंवा पेपर वाचत असाल.

आता यात धोका काय, ते. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. कप्पा थरथरतो तेव्हा तिच्यातलं रक्त हलत नाही. दसकच्या घाटाजवळ गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, पाणी संथ झालं की पाणवेली कशा साचतात, ते तुम्ही रोज बघता. तसंच तिथे रक्त साचतं आणि गुठळी धरते. ती सुटली की रक्ताबरोबर निघते आणि पुष्कळदा थेट मेंदूत जाऊन अडकते. एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो.

पेसमेकरवाल्यांचं काय, हेही तपासलेलं आहे. 65 च्या पुढचे, बीपी असलेले, पेसमेकर किंवा आयसीडी (धोक्याचे ठोके विजेच्या धक्क्याने थांबवणारं मशीन) बसवलेले 2580 रुग्ण घेऊन केलेला अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. आधी कुणालाच हा त्रास असल्याची नोंद नव्हती. तरी पहिल्या तीन महिन्यांत दर दहांतल्या एकाच्या मशीनमध्ये असे झटके सापडले, आणि त्या लोकांना पुढे पक्षाघाताचा धोका अडीचपट निघाला. त्याच रुग्णांची माहिती नंतर पुन्हा बारकाईने पाहिली तेव्हा कळलं की धोका खरा वाढतो तो चोवीस तासांपेक्षा लांब झटक्यांनी.

काही मिनिटांच्या किंवा थोड्या तासांच्या झटक्यांना गोळी द्यावी की नाही, यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही. 2023 साली त्यावर दोन मोठे अभ्यास आले. तुम्ही घेत होतात त्या एपिक्साबानच्या अभ्यासात पक्षाघात सुमारे 37 टक्क्यांनी कमी झाले, पण मोठे रक्तस्राव वाढले. तेव्हा रक्तस्रावाची तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तुमची गोष्ट त्या वादात बसत नाही. तुमचा झटका लांबलचक होता. पक्षाघाताचा धोका गुणांनी मोजतात: वय 75 च्या पुढे त्याचे 2 गुण, बीपीचा 1, शुगरचा 1, असे डॉक्टरांनी आपल्यासमोर 4 गुण मोजले. पुरुषाला 2 गुण झाले तरी ते गोळी सुचवतात.

आणि बाबा, ‘जायचं तर झटकन जाऊ, रोज गोळ्या गिळत कशाला बसायचं’ हे वाक्य मला फार लागलं. हा आजार झटकन नेत नाही. हृदयातून सुटलेली गुठळी मोठी असते, मेंदूचा मोठा भाग निकामी करते, आणि माणूस बहुतेक वेळा त्यातून वाचतो. मोठे काका आठवा. उजवी बाजू गेलेली, बोलायला जायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. तुम्ही ड्यूटीवरून सुटून थेट त्यांच्याकडे जायचात, पेज भरवायचात, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कूस बदलायचात. तुम्हाला मरणाची भीती नाही, मान्य. पण तसं आयुष्य तुम्हाला नको आहे हे मला पक्कं माहीत आहे, आणि ही गोळी त्यासाठीच आहे.

आई, आता तुझ्यासाठी. तू मेथी, पालक, आळू सगळं बंद केलंस. काकूंना धातूची झडप बसवली आहे, त्या वॉरफरीन ही रक्त पातळ करणारी वेगळी गोळी घेतात, त्यांना रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी आयएनआर तपासणी करावी लागते आणि पालेभाजीचं प्रमाण सांभाळावं लागतं. बाबांच्या गोळीला ते पथ्य नाही. आळूचं फदफदं खुशाल कर. एकादशीलाही गोळी चुकवायची नाही, ती रिकाम्या पोटी चालते. सकाळी आठ आणि रात्री आठ, दोन्ही वेळा. तिचा असर बारा तासांत उतरायला लागतो, म्हणून एक वेळ सोडली तरी बाबा तेवढा वेळ उघडे पडतात. विसरलंच तर त्याच दिवशी आठवल्याबरोबर द्यायची, पण दोन गोळ्या एकदम कधीच नाहीत. जुनी अ‍ॅस्पिरिन ‘त्यापेक्षा बरी’ म्हणून परस्पर सुरू करायची नाही. या दुखण्यात ती फार कमी उपयोगी पडते.

गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखीची गोळी मात्र बंद. डायक्लोफिनॅकसारख्या औषधांनी पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. दुखलंच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. दात काढायचा झाला तर दातांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं, गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. हिरड्यातून थोडं रक्त किंवा हातावर एखादा निळा डाग, एवढ्यावरून घाबरू नका. पण शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं, किंवा बाबा पडून डोक्याला मार लागला, तर जखम दिसो न दिसो, लगेच दवाखाना.

आणि तोंड वाकडं झालं, हात वर धरल्यावर एक खाली येऊ लागला, बोलणं जड झालं, यातलं एक जरी दिसलं तरी माझ्या फोनची वाट बघू नका. 108 लावा. त्रास किती वाजता सुरू झाला आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे दोन्ही सांगा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रक्त पातळ करणारी गोळी पोटात असेल तर डॉक्टरांना वेगळा विचार करावा लागतो. तोंडात पाणी, साखर, काही घालू नका. जेल रोडवरून निघून नाशिकच्या द्वारका चौकात गाडी किती अडकते ते आपल्याला माहीत आहे, सिंहस्थात तर विचारूच नका. म्हणून रात्रंदिवस सीटी स्कॅन आणि पक्षाघाताचे उपचार जवळ कुठे होतात, हे आपण आधीच विचारून ठेवू.

बाबा, तपासणीच्या वेळी तुम्ही डॉक्टरांना विचारलंत की हृदयच बदललेल्या माणसाला ही भानगड राहते का. मला त्यांचं उत्तर फार आवडलं होतं. असल्या खोडसाळ ठिणग्या बहुतेक फुप्फुसांकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी उठतात, आणि नवं हृदय शिवताना तिथेच टाके पडतात, त्यामुळे त्या पुढे पसरत नाहीत. म्हणून प्रत्यारोपणानंतर हा त्रास तसा कमी. पण बऱ्याच काळाने उद्भवला, तर शरीर नवं हृदय नाकारतंय का, हे आधी तपासतात. उत्तर ऐकून तुम्ही आणखी दोन प्रश्न विचारलेत. तुम्हाला हे सगळं समजतं, बाबा, म्हणूनच एवढं सविस्तर लिहिते आहे.

अजून एक. शरीराच्या आत पेसमेकर बसवलेला जगातला पहिला माणूस स्वीडनचा आर्ने लार्सन. 1958 साली बसवला, पुढे आयुष्यभरात त्याला 26 पेसमेकर लागले, आणि तो 2001 पर्यंत, 86 वर्षांचा होईस्तोवर जगला. त्याच्या वेळी मशीनला आतलं काही लिहून ठेवता येत नव्हतं. तुमचं ठेवतं, आणि त्याने जे लिहिलंय ते आपल्याला वाचता येतं.

गोळीबद्दल शंका असतील तर त्या डॉक्टरांसमोर मांडू. डोस बरोबर आहे का, मूत्रपिंडाची तपासणी पुन्हा करायची का, हिरड्यांचं काय, सगळं विचारू. पण तोवर गोळी बंद ठेवायची नाही. डॉक्टरांना मी फोन करून सगळं सांगितलं आहे. आज रात्रीपासूनच सुरू करा, असं ते म्हणाले.

तुमच्या सरकारी प्रेसमध्ये छपाईचा एक कागद कमी भरला तर हिशेब लागेपर्यंत कुणी घरी जात नसे, असं तुम्ही सांगायचात. डबीतल्या गोळ्यांचा तसाच हिशेब रोज रात्री आईला द्या.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. फाइल, बीपीची वही आणि घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या, काढ्याच्या बाटल्यांसकट, टेबलावर काढून ठेवा. अपॉइंटमेंट दुपारची घेतली आहे.

तुमची,
सई