वक्फ करणाऱ्याच्या मनात काय असतं?

महोदय,

वक्फ कायद्यातील 2025 च्या दुरुस्तीवर भरपूर वाद झाला. जमिनी, अतिक्रमणं, मंडळं सगळं आलं. वक्फ करताना माणूस आपली मिळकत अल्लाहच्या नावाने कायमची देऊन का टाकतो, हे मात्र कुणी विचारलं नाही.

जकात, म्हणजे संपत्तीतून दरवर्षी द्यायचं दान, अडीच टक्के आणि फर्ज (बंधनकारक); वक्फ ऐच्छिक. त्यामागे एक हदीस (पैगंबरांचं वचन) आहे: माणूस मेल्यावर त्याची कर्मं थांबतात, तीन सोडून. चालू राहणारं दान (सदका-ए-जारिया), उपयोगी पडणारं ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती. माझगावात आमच्या शेजारच्या कोकणी खालांनी (मावशींनी) नवऱ्याच्या गाळ्याचं भाडं मशिदीतल्या पाणपोईला लावून दिलं. मी म्हटलं, पाटी तरी लावा. म्हणाल्या, ‘‘ज्याला कळायचं त्याला कळलंय.’’ त्यांना मूलबाळ नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सगळंच पुण्यासाठी असतं असं मात्र नाही. मिळकत वारसांत तुकडे होऊन विकली जाऊ नये म्हणूनही कुटुंबासाठी वक्फ होत. प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजी अमलातलं लंडनचं सर्वोच्च न्यायालय) 1894 मध्ये त्यांना खोडा घातला, तेव्हा मुंबईचेच बॅरिस्टर जिना यांनी पुढाकार घेऊन 1913 चा कायदा करवून घेतला. (आज हे किती जणांना आठवतं?)

आणि दिलेलं नीट वापरलं जाईल हा विश्वास? खाला दर महिन्याला पाणपोईचं वीजबिल मागवून बघतात. ते दाखवायला विश्वस्त टाळाटाळ करू लागले, तर दुसरा गाळा त्या देणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

– एक वाचक, माझगाव, मुंबई