आईची खोली

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

घर ठरलं. काल करारावर सही केली. फोनवर सांगायला दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा विषय बदलला, म्हणून लिहितेय. बाबा, तुम्हाला आवडलेलं ते दोन बेडरूमचं घर मी घेतलं नाही. ज्या खोलीला आपण सगळे ‘आईची खोली’ म्हणायला लागलो होतो, ती या घरात नाही.

आधी पूर्ण वाचा, मग रागवा.

सहा आठवड्यांत शहराचे सात भाग पालथे घातले. तुमच्यासारखेच वहीत रकाने आखले. आधी नुसतं भाडं लिहीत होते, आणि तसं पाहिलं तर तुमच्या पसंतीचंच घर सगळ्यांत परवडणारं. मग मेंटेनन्स, पार्किंग, दरवर्षीची भाडेवाढ असे रकाने वाढत गेले. दलाली एकदाच द्यायची, म्हणून ती 12 महिन्यांवर वाटून टाकली. जाहिरातीतलं भाडं म्हणजे मालकाची नुसती मागणी असते. घर दोन महिने रिकामं पडलं असेल तर तो खाली उतरतो. इथे मी तसंच उतरवून घेतलं.

त्या घराची जाहिरात 850 चौरस फुटांची होती, पण त्यात जिना, लिफ्ट, भिंती सगळ्याचा वाटा धरलेला. मी तुमची स्टीलची टेप नेली होती. तिचं टोक तुटलंय ना, म्हणून 1 फुटाच्या खुणेपासून मोजलं आणि शेवटी एक फूट वजा केला, तुम्ही शिकवलंत तसं. आतून भरलं 590. माझं आतून 430 आहे. म्हणजे लहान आहेच, पण कागदावर वाटत होतं तेवढं नाही.

मग एका सोमवारी सकाळी साडेआठला तिथून ऑफिसपर्यंत जाऊन पाहिलं. 80 मिनिटं लागली. इथून 35 लागतात. जाऊन-येऊन रोजचा दीड तास वाचतो. महिन्याचे 24 दिवस धरले तर 36 तास. प्रवासाचा खर्च मिळवल्यावर दोन घरांमधला फरक जवळजवळ निम्म्यावर आला. तरीही हे महागच पडतंय बाबा, ते मी लपवत नाही. पण मला झेपेल. तुमच्या पैशांना हात लावायचा नाही म्हणजे नाही.

आणि खरं कारण वहीत कुठेच नाही. इथून स्टेशन चालत 10 मिनिटांवर आहे. रात्री तुमचा फोन आला तर शेवटची गाडी मला मिळते. त्या घरातून ती मिळाली नसती. गेल्या वर्षीची ती रात्र मला पुन्हा नकोय. तुम्ही दोघं ‘काही नाही, सकाळी ये’ म्हणालात, आणि मी सकाळपर्यंत बूट घालून बसून होते.

आई, तू आलीस की बेडरूम तुझी. खिडकी पूर्वेला आहे, वारा छान येतो. पहिलाच मजला आहे, तरी लिफ्ट आहे. बाथरूमची पायरी मी मोजली, दोन बोटांचीच आहे. तिथे धरायला दांडी बसवायची परवानगी मालकाकडून करारातच लिहून घेतलीय. मी हॉलमध्ये झोपेन. नाहीतर लहानपणीसारखी तुझ्या आणि भिंतीच्या मधे. अजून मावेन मी.

आता ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा नाही, मी येईपर्यंत अंधार चालेल. आई, डोळे तपासून घे, ‘पुढच्या महिन्यात’ हे मी तिसऱ्यांदा ऐकतेय. आणि फोन उशाशी ठेवा, देवघरात नको.

खोलीचं वाईट वाटलं असेल तर मला सांगा. माझ्यापासून लपवून नुसतं एकमेकांशीच बोलत बसू नका.

एक काम आहे. आईचा पलंग मला इथे हवाय. बेडरूमची खिडकीकडची भिंत 9 फूट 4 इंच आहे. पलंगाची लांबी-रुंदी मोजून कळवा. टेप माझ्याकडेच राहिलीय, शेजारून मागून घ्या.

तुमची,
बाळी