सूचना: हंगामाची आगाऊ रक्कम आणि माल उचलण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

आपण शेतकऱ्याला हंगामाआधीच पैसे देतो आणि त्याच्याकडून थेट भाजी घेतो. त्यासाठी नव्या हंगामाची आगाऊ रक्कम महिनाअखेरपर्यंत जमा करायची आहे. ज्यांची राहिली आहे त्यांनी कृपया मनावर घ्या. शेतकऱ्याला पैसा लागतो तो पेरणीआधी: बियाणं, शेणखत, मजुरी. तेव्हा हात रिकामा असला की तो उसनवारी करतो, आणि माल निघण्याआधीच त्याचा भाव दुसराच कोणी ठरवून मोकळा होतो. आपली रक्कम नेमकी तिथे उपयोगी पडते. जपानमध्ये १९७० च्या दशकात ग्राहक आणि शेतकऱ्यांनी ‘तेइकेई’ नावाने असंच थेट नातं जोडलं होतं.

पालेभाजीच्या पानांना भोकं असल्याची तक्रार काहींनी केली. मी स्वतः एक जुडी उलटून पाहिली. अळीने कुरतडलेली बारीक भोकं होती खरी, पण मुळांना ओली माती होती आणि पान टवटवीत होतं. फवारणी टाळली की एवढं चालायचंच. असा माल कृपया परत करू नका. काही सडकं निघालं तर त्याच दिवशी कळवा, बदलून मिळेल.

जगातलं सुमारे ३५ टक्के अन्न दोन हेक्टरपेक्षा लहान शेतांतून येतं, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०२१ मधला अंदाज आहे. या लहान शेतांकडे जगातली शेतजमीन मात्र जेमतेम १२ टक्के. म्हणूनच मला ही कळकळ वाटते.

माल सकाळीच उचला, दुपारी पालेभाजी मान टाकते. रिकामे क्रेट धुऊन आणा.